मोटारीच्या इंजिनास टर्बोचार्जर बसवितांना येणारी जागेची अडचण

जुन्या डिझेल जीपच्या इंजिनास टर्बोचार्जर बसवून घ्यावा काय, असा प्रश्न सभासद बंधू वारंवार विचारतात. भरलेली गाडी घाटांत दम टाकते आणि शेजाऱ्याची तेवढ्याच वजनाची नवी गाडी सहज पुढें निघून जाते, हें पाहून हा विचार मनांत येणें साहजिक आहे. टर्बो कोणता घ्यावा हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो बसवावयाचा कोठें, याचा विचार बहुधा यंत्र विकत घेऊन घरीं आणल्यावर सुरू होतो. वास्तविक खरी अडचण तेथेंच आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही केवळ जागेच्या प्रश्नाचा विचार करणार आहों.

टर्बोचार्जर म्हणजे पाठीला पाठ लावून ठेवलेले दोन शंख, असें समजावें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका शंखांतील चक्र फिरवितो. त्याच दांड्यावर असलेलें दुसऱ्या शंखांतील चक्र बाहेरची हवा ओढून ती दाबानें इंजिनांत भरतें. हवा अधिक मिळाली म्हणजे अधिक इंधन जाळतां येतें व जोर वाढतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो, आणि तो ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांस इंजिनाचें ऑईल अखंड पुरवावें लागतें. अमेरिकेंत १९६२ सालीं ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बो असलेली मोटार निघाली, तेव्हां सिलिंडरांच्या दोन रांगांमधील माथ्यावरची जागा कारखान्यानें त्यासाठीं योजिली. कारखान्यास असें करतां येतें. मागाहून बसविणारास मात्र दुसऱ्यांच्या हद्दींमधून वाट काढावी लागते: एका अंगास चासी, दुसऱ्या अंगास स्टिअरिंगचा दांडा, मागें ब्रेकच्या नळ्या आणि वर बॉनेट.

आमचा जन्म दप्तरांत गेला असल्यामुळें कागदाची गोष्ट आधीं सांगतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें आहे कीं, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच पुन्हां स्पष्ट केलें. तेव्हां पैसे गुंतविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. तोंडी उत्तरावर विसंबूं नये.

आतां मुख्य विषय. बहुतेक मिस्त्री आधीं धुराचें तोंड जुळवितात, नंतर हवेची नळी, आणि ऑईल परत जाण्याची नळी उरलेल्या फटींतून कशीबशी काढतात. आमच्या मतें हा क्रम उलटा असला पाहिजे. टर्बोंत ऑईल दाबानें जातें, परंतु तेथून परत येतांना त्यास मागून कोणी ढकलीत नाहीं. तें फेसाळलेलें असतें व केवळ आपल्या वजनानें खालीं उतरतें. शेताच्या चरास उतार नसला तर पाणी तुंबून बांध फोडतें, तसेंच हें आहे. दांड्याच्या दोन्ही टोकांस असलेल्या कड्या तुंबलेलें ऑईल अडवूं शकत नाहींत. तें धुराच्या शंखांत उतरतें व निळा धूर निघूं लागतो.

अशी एक जीप आमच्या पाहण्यांत आहे. परतीची नळी चासीला अडत होती म्हणून ती थोडी वर उचलून वळवून नेलेली होती. गाडी चालूं लागतांच धूर झाला. टर्बो खराब निघाला असें ठरवून मालकानें दुसरा आणला. त्यानेंही तेंच केलें. दोन यंत्रांची किंमत गेल्यावर एका जुन्या मिस्त्रीनें मधला भाग थोडासा फिरवून नळी सरळ खालीं सोडली, आणि धूर थांबला. पहिला टर्बो उघडून पाहतां त्यांत कांहीं दोष नव्हता!

म्हणून परतीचें भोंक खालीं तोंड करूनच राहिलें पाहिजे. नळी उभ्या रेषेपासून ३५ अंशांहून अधिक कलूं नये, तिची आंतील रुंदी अर्ध्या इंचाहून कमी नसावी, आणि ती चेंबरमध्यें ऑईलच्या पातळीच्या वर उघडावी. एवढें साधल्यावरच बाकीच्या तोंडांकडे पहावें. बहुतेक टर्बोंचे दोन्ही शंख मधल्या भागाभोंवतीं फिरवितां येतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बोल्ट किंवा पट्टी सैल करून हवेच्या शंखाचें तोंड वर, खालीं, पुढें, हवें तिकडे करावें. अर्धीअधिक अडचण एवढ्यानेंच मिटते. मात्र शंख वांकडा ओढूं नये, कारण आंतील चक्राचीं पातीं नाजूक असतात. तसेंच दाब मर्यादेंत ठेवणाऱ्या झडपेचा डबा बहुधा हवेच्या शंखासच जोडलेला असतो, त्यामुळें शंखाबरोबर तोही फिरतो. त्याची सळई ठोकून वांकविल्यास दाबाची मर्यादा बदलते. त्यासाठीं नवी पट्टी करून घेणें बरें.

माप घेतांना मोजपट्टी पुरत नाहीं. टर्बोचीं तोंडें कापडानें बंद करून, त्याच्या माथ्यावर व बाजूंस मळलेल्या कणकेचे जाड गोळे बसवावे आणि बॉनेट सावकाश लावून पुन्हां उघडावें. दबल्यावर गोळा जेथें जेवढा जाड उरला तेथें तेवढीच फट शिल्लक आहे. हा उपाय फुकटचा आहे व खोटें बोलत नाहीं.

परंतु ही झाली थंड व स्थिर इंजिनाची मोजणी. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलें असतें व जोर घेतांना एका अंगास झुकतें. टर्बो व इंजिनावरीलच दुसरा भाग यांच्यामध्यें पाव इंच अंतर पुरतें, कारण एका जोखडाखालील बैलांप्रमाणें ते बरोबरच हलतात. पण टर्बो आणि चासी, बॉनेट किंवा स्टिअरिंगचा दांडा यांच्यामध्यें निदान एक इंच सोडावा असें आमचें मत आहे. गाडी बंद ठेवून पहारीनें इंजिन दोन्ही बाजूंस दाबून पहावें. एक चाक दगडावर चढवून, स्टिअरिंग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून, पुन्हां पहावें. धुराच्या नळींत एक लवचीक तुकडा अवश्य घालावा. नाहींतर इंजिनाचा प्रत्येक हिसका टर्बोच्या तोंडावर येतो.

येथें परदेशी संचांविषयीं एक सावधगिरी. अनेक संच डाव्या अंगास स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठीं केलेले असतात. आपल्या गाड्यांत तें उजवीकडे असतें. ज्या इंजिनाचा धूर उजवीकडून निघतो, त्यास तो संच लावूं गेल्यास नळी नेमकी स्टिअरिंगच्या दांड्यावर येते. चित्रांत सर्व ठीक दिसतें, म्हणून विकत घेण्यापूर्वीं आपल्याच गाडीवर पुठ्ठ्याचा किंवा लांकडाचा नमुना धरून पहावा.

उष्णतेची गोष्ट याहून गंभीर आहे. डिझेल इंजिनाचा धूर पूर्ण जोरावर ६०० ते ७०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतो, पेट्रोलचा ९०० च्याही वर जातो. बिडाचा ३०० मिलिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ६०० अंशांनीं तापला तर सुमारें २ मिलिमीटर लांबतो. त्यास वाढूं न देतां टर्बो पट्टीनें चासीला जखडून टाकला, तर तडा जातो. पट्टी द्यावयाचीच तर ती इंजिनासच द्यावी व तिचें भोंक लांबट ठेवावें.

शेजारच्या वस्तूंमध्यें सर्वांत जिवाची वस्तू म्हणजे ब्रेकची नळी. सामान्य प्रतीचें ब्रेक-तेल नवें असतां २०५ अंशांवर उकळतें. हवेंतील ओलावा शोषून घेतलेलें १४० अंशांवरच उकळूं शकतें. घाट चढतांना टर्बो लाल होतो, माथ्यावरून उतार लागतो, आणि नेमकें त्याच वेळीं नळींत वाफ झाली तर पेडल तळाशीं जातें. गाडींत माणसें बसलेलीं असतात. म्हणून ब्रेकची व डिझेलची नळी पत्र्यानें झांकून भागवूं नये. ती तेथून हलवावी. तारांच्या जुडग्यासाठीं पत्रा चालेल, पण दोन्ही बाजूंनीं हवा खेळेल असा. चिकटून बसविलेला पत्रा स्वतःच तापून तवा होतो. नळीवर ॲसबेस्टॉसची दोरी गुंडाळण्याची जुनी चाल सोडून द्यावी, तिची धूळ फुप्फुसांस घातक आहे. कांचतंतूची पट्टी मिळते.

एवढें करूनही जागा अपुरी पडली तर काय हलवावें? बॅटरी हलवावी, ऑईल फिल्टर नळ्या लावून दूर न्यावा, आंतील मडगार्ड थोडेंसें ठोकून आंत घ्यावें. मॅनिफोल्ड व टर्बो यांच्यामध्यें इंचभर जाडीचा ठोकळा घालतां येतो. मात्र त्यामुळें टर्बोचें वजन अधिक लांबून लोंबतें, हें ध्यानांत ठेवावें. फाउंडेशन जाड करून इंजिन उचलणें आम्हांस पसंत नाहीं, कारण प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. चासी कापणें तर मुळींच नको. बॉनेटास भोंक पाडल्यास पावसाळ्यांत पाणी नेमकें तापलेल्या बिडावर पडतें.

सर्व नटांवर पाना जातो कीं नाहीं, हें शेवटीं पहावें. तापण्या-निवण्यानें मॅनिफोल्डचे नट सैल होतात व पहिल्या १०० किलोमीटरनंतर ते आवळावेच लागतात. एक नट आवळण्यास सारा टर्बो उतरावा लागत असेल, तर तो नट कोणी आवळणार नाहीं. त्याच वेळीं दिवा घेऊन बॉनेटची आंतील बाजू, चासी व दांडा नीट न्याहाळावा. कोठें रंग करपला असेल किंवा लोखंड घासून चकाकत असेल, तेथें कणकेनें कांहींही सांगितलें असलें तरी अंतर कमी पडलें आहे. तेवढी जागा आणखी मोकळी केल्याशिवाय गाडी भरून घाटांत नेऊं नये.