दार मोकळे, अभ्यास तेवढाच

नाशिक

चि. सोनूस,


तुझा निरोप अक्काने फोनवर सांगितला. नरडाण्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडायची नाही आणि पदवीही करायची, हा तुझा विचार मला पटला. दाजींना वाटते, बाहेरून केलेली पदवी दुय्यम असते. त्यांना सांग, यूजीसीच्या 2020 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ शिक्षणाची पदवी कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे तर राज्याच्या कायद्याने 1989 साली स्थापन झालेले विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले; त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्यांना घर, शेत, नोकरी सोडून वर्गात बसता येत नाही त्यांच्यासाठीच हा खटाटोप झाला.

मात्र ‘मुक्त’ ऐकले की लोक ‘सोपे’ समजतात, आणि तिथेच फसतात. हिशेब कर. तीन वर्षांची पदवी 120 श्रेयांकांची. एका श्रेयांकाला अभ्यासाचे 30 तास धरतात, म्हणजे सगळे मिळून 3600 तास. तीन वर्षांत रोजचे सव्वातीन तास होतात! शिफ्ट करून घरी आल्यावर एवढे तास कुठून काढायचे, हे प्रवेशाआधीच ठरव. ज्या आठवड्यात रात्रपाळी असेल तो आठवडा हलका जाणार, तर त्याची भरपाई सुट्टीच्या दिवशी करायची. लग्नसराई आणि कापूस वेचणीचे दिवसही यातून वजा कर. घरची कामे कुणाला चुकलीत?

या पद्धतीत पुस्तकच शिक्षक असते. सुरुवातीला उद्दिष्टे, चार-पाच पाने झाली की मध्येच प्रश्न, उत्तरे घटकाच्या शेवटी. बहुतेक जण ते प्रश्न ओलांडून पुढे जातात किंवा सरळ उत्तरे वाचतात. तू तसे करू नको. पान झाकून आधी वहीत उत्तर लिही, मग ताडून बघ. वर्गात सर अचानक उभे करून विचारतात, त्या जागी हे प्रश्न असतात. वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. लिहायला बसले की खरे कळते. अभ्यासकेंद्रात समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, असतात, संपर्कसत्रेही होतात, पण तिथे धडा पहिल्यापासून शिकवतील अशी अपेक्षा ठेवू नको. अडलेले प्रश्न लिहून ने. रिकाम्या हाताने गेलीस तर एसटीचे भाडे फुकट. गृहपाठ वेळेत दे. त्याला गुण आहेत, पण मोठा वाटा सत्रांत परीक्षेचाच.

आता अक्काने सांगितलेल्या त्या एजंटाबद्दल. घरबसल्या नर्सिंगची पदवी काढून देतो म्हणाला ना? त्याला दारातूनच वाटेला लाव. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, वकिली यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने द्यायला यूजीसीची परवानगीच नाही. तुला नर्सिंगच करायचे असेल तर तसे स्पष्ट सांग. मग कॉलेज शोधू आणि नोकरीचा विचार नव्याने करू. बी.ए. किंवा बी.कॉम. करायचे असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत विद्यापीठ, विषय आणि सत्र, तिन्ही तपासून घे. नुसते विद्यापीठाचे नाव यादीत असून भागत नाही. शुल्क थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भर. कुणाच्या हाती रोख रक्कम द्यायची नाही. 2024 पासून एबीसी (श्रेयांकांचे खाते) आणि डीईबी आयडीही लागतात. आधारवरचे नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव जुळते का, हे आजच बघ; यातच पोरांचे दिवस जातात.

शिंदखेडा, शिरपूर, धुळे यांपैकी विद्यापीठाच्या यादीतले कोणते अभ्यासकेंद्र तुझ्या शिफ्टला सोयीचे पडेल, ते ठरवून मला कळव. पहिल्या वर्षाचे शुल्क मी भरीन. पण आधी विषय ठरव आणि आठवड्याचे वेळापत्रक लिहून पाठव.

तुझा,
मामा