गृहवस्त्रांचे माप, शिलाई आणि हिशेब

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने पडदे, अभ्रे व खोळी यांविषयी लिहावे, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमचा जन्म मापातोलात गेला आहे, आणि घरातील कापडाचे काम हेही मुख्यतः मापाचेच काम होय. शिवणकामात सुई चालते ती शेवटी. त्यापूर्वी डोळा, टेप आणि कागदावरील आकडेमोड चालावी लागते. ज्या घरी हा क्रम उलटतो तेथे कापड वाया जाते, अथवा पडदा खिडकीस अपुरा पडतो. व्यापाऱ्यांच्या कुटुंबांत तरी असे होऊ नये, या हेतूने ही माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मापून वापरावयाचे कापड आपल्या घरांस नवीन नाही. पाणी गाळण्याचे वस्त्र छत्तीस अंगुळे लांब व चोवीस अंगुळे रुंद असून ते दुहेरी करून वापरावे, असा दंडक आपल्याकडे परंपरेने सांगितला जातो. चुलीवर व पाणवठ्यावर चांदवा बांधण्याची चालही जुनी. पेढीवरील गादी, लोड व तक्के यांच्या पांढऱ्या खोळी सणापूर्वी धुऊन बदलणे, हे तर आपल्या बैठकीच्या अब्रूचे लक्षण मानले जाई. खिडक्यांचे पडदे हा त्याच परंपरेचा पुढील विस्तार समजावा.

कापडाची निवड

बेळगावसारख्या ठिकाणी पावसाळा दीर्घ व दमट, आणि बाजारपेठेतील घरांत धूळ बारमाही. म्हणून वारंवार धुता येईल असे सुती कापड आमच्या मते सर्वांत सोयीचे. ते या भागात दुर्मिळही नाही. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग सुरू झाला व त्यातून पुढे ते गाव कापडाची मोठी पेठ बनले. सोलापूरच्या चादरी सर्वश्रुत आहेत. शहापूर व वडगाव येथील विणकरांचे माग तर बेळगावकरांच्या दाराशीच आहेत.

पॉलिएस्टरचे पडदे आटत नाहीत, लवकर वाळतात व त्यांना सुरकुत्याही कमी पडतात, हे खरे. परंतु आगीच्या आचेने ते वितळतात व वितळलेला भाग अंगास चिकटतो. सुती कापडही पेट घेतेच. म्हणून शेगडी, निरांजन वा समई यांजवळ कोणत्याही कापडाचा लोंबता पडदा नसावा.

दुकानात 'सिल्क' म्हणून दाखविले जाणारे पुष्कळसे पडद्याचे कापड वस्तुतः पॉलिएस्टरच असते. खऱ्या रेशमाच्या नेहमीच्या पद्धतीत कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. त्यामुळे ज्यांस ते वर्ज्य आहे त्यांनी, आणि ज्यांस खऱ्या रेशमाचे दाम मोजावयाचे नाहीत त्यांनीही, कापड कशाचे आहे हे विचारूनच घ्यावे.

माप व आकडेमोड

1956 च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धती आली, तरी बोलण्यात वार व फूट अद्याप गेलेले नाहीत. एक वार म्हणजे 91.44 सेंटिमीटर. दहा वार व दहा मीटर यांत सुमारे 86 सेंटिमीटरांचे अंतर पडते. म्हणून घरी टेप ज्या मापाने धरली त्याच मापाने कापड मागावे.

एक उदाहरण घेऊ. खिडकी 120 सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच आहे. दांडी दोन्ही बाजूंस 15 सेंटिमीटर पुढे काढली असता तिची लांबी 150 होते. पडदा चौकटीच्या वर 15 व खाली 15 असा धरल्यास त्याची तयार उंचीही 150 होते. कापड दांडीइतकेच रुंद घेतल्यास पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो. चुण्या पडण्यासाठी ते दांडीच्या सुमारे दुप्पट लागते. विरळ, झिरझिरीत कापड असल्यास अडीच पट घ्यावे. येथे आपणास तयार रुंदी निदान 300 सेंटिमीटर हवी.

कापडाचा पन्हा 122 सेंटिमीटर असेल तर दोन पन्ह्यांत हे काम होत नाही. तीन घ्यावे लागतात. प्रत्येक पडद्यास दीड पन्हा, म्हणजे 183 सेंटिमीटर येतो. त्यातून जोडशिवणीचे 3 व दोन्ही कडांच्या दुमडीचे 10 वजा जाता 170 उरतात. दोन पडद्यांचे मिळून 340 झाले. म्हणजे दांडीच्या सव्वादोन पटीहून किंचित अधिक.

आता लांबी पाहू. तयार उंची 150, खालची दुहेरी दुमड 20, वरची पट्टी 15, एकूण 185. न आटविलेले सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटते, सैल विणीचे त्याहूनही अधिक. त्यासाठी 10 धरले असता एका तुकड्यास 195 सेंटिमीटर लागतात. तीन तुकड्यांचे 585, म्हणजे सहा मीटर कापड पुरे.

कापडावर मोठी नक्षी असेल तर मात्र हिशेब बदलतो. एकच फूल दर 32 सेंटिमीटरांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक तुकडा 32 च्या पटीतच कापावा लागतो, नाही तर जोडावर फुले तुटतात. 195 नंतरची पट 224 आहे. तीन तुकड्यांस 672, म्हणजे पावणेसात मीटर कापड लागेल. सुमारे 87 सेंटिमीटर केवळ नक्षीपायी अधिक गेले. नक्षीच्या कापडाचा दर साध्याइतकाच सांगितला तरी ते महाग का पडते, हे यावरून ध्यानी येईल.

शिवण्याची रीत

कापड प्रथम पाण्यात भिजवून, वाळवून व इस्त्री करून घ्यावे. मगच कात्री लावावी. साध्या विणीच्या कापडाचा एक आडवा धागा ओढून काढावा व त्या रेषेवर कापावे. दुकानातून आलेले टोक क्वचितच सरळ असते, आणि तिरपा कापलेला पडदा पुढे कितीही ओढला तरी सरळ लोंबत नाही. मखमलीसारख्या लवदार कापडाचे सर्व तुकडे एकाच दिशेने लावावे, अन्यथा एक पडदा उजळ व दुसरा काळपट दिसतो. काठ घट्ट विणलेला असल्याने धुतल्यावर आखडतो. तो कापून टाकावा, किंवा थोड्या थोड्या अंतरावर त्यास तिरपे छेद द्यावे.

आधी पन्हे जोडावे, नंतर बाजूच्या कडा, मग वरची पट्टी, आणि सर्वांत शेवटी खालची दुमड, असा क्रम ठेवावा. खालची दुमड प्रथम कच्च्या टाक्यानेच घालावी व पडदा दोनतीन दिवस टांगून ठेवावा. कापड स्वतःच्या भाराने किंचित उतरते. ते उतरल्यावर जमिनीपासून पुन्हा माप घेऊन पक्की शिवण मारावी. मध्यम सुती कापडास 14 नंबरची सुई व इंचास दहा ते बारा टाके ठीक पडतात. जाड कापडास 16 नंबरची सुई घ्यावी.

पश्चिमेच्या खिडकीस अस्तर अवश्य लावावे. उन्हाने रंग विटतो व धागाही कुजतो. पांढरे सुती अस्तर तो मार आपल्यावर घेते. अस्तर पडद्याहून अडीच सेंटिमीटर आखूड ठेवून खालच्या बाजूस मोकळे सोडावे, कारण दोन्ही कापडे सारखी आटत नाहीत. खाली जोडून टाकल्यास पहिल्याच धुण्यात पडद्यास झोळ येतो. दोरीने उघडणारे पडदे लावल्यास दोरी लहान मुलांच्या हाती येणार नाही अशी उंच बांधावी. गळ्यास फास बसून अनर्थ होण्याचा हा संभव हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

लोडाच्या खोळीचे गणित शाळेतलेच आहे. व्यास 21 सेंटिमीटर असेल तर घेर 66 होतो. शिवणीचे 3 मिळवून 69 रुंदीचे कापड घ्यावे. दोन्ही तोंडांस 24 सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या लावाव्या, किंवा कापड लांबीस वाढवून तोंडाशी नाडी ओवावी. नाडीची खोळ धुण्यास सुलभ, म्हणून पेढीवर तीच बरी. चकत्या लावल्यास लांब शिवणीत चेन बसवावी, म्हणजे लोड सुखाने काढता घालता येतो.

श्रमाचा हिशेब

येथवरचे सर्व कोणीही कुशल शिंपी सांगू शकेल. आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते पुढेच.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात कर्ता पुरुष दीर्घ आजाराने अंथरुणास खिळला. त्या घरच्या गृहिणीचा हात शिवणात चांगला होता. तिने पडदे व बैठकीच्या खोळी शिवून देण्यास आरंभ केला, आणि काम उदंड आले. परंतु वर्षअखेर हाती काही उरेना. घरातील पुतण्याने एके दिवशी वही घालून मागील कामे लिहून काढली, तेव्हा कारण दिसले. परके गिऱ्हाईक मजुरी देई, पण आप्तेष्टांचे काम दोऱ्याच्या पैशांत होई. "काकू, आपलेच घर ना हे!" असे म्हणून कापड टाकून जाणारे आमच्यासारखे व्यापारीच होते. जो मनुष्य आपल्या दुकानी सख्ख्या भावासही माल मापून देतो व खात्यावर लिहितो, तो एका बाईचे दोन दिवसांचे श्रम मात्र प्रेमाच्या खाती टाकतो. हा न्याय नव्हे.

त्या पुतण्याने एक साधी रीत घातली. प्रत्येक कामास एक पान: कापड, अस्तर, दोरा, पट्टी व कड्या यांची किंमत, मापास, कापण्यास, शिवण्यास व टांगण्यास लागलेले तास, आणि तासाचा दर गावातील शिंप्याच्या मजुरीवरून. आप्तांस सूट द्यावयाची झाल्यास ती पूर्ण रक्कम लिहून मग खाली वजा दाखवावी. गंमत अशी की, सूट आकड्यात दिसू लागताच पुष्कळांस ती मागण्याचा संकोच वाटू लागला. काही नातलग दुरावले, हेही सांगितले पाहिजे. पण घर सावरले.

हीच वही आपल्या प्रत्येक घरात असावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सुनेने अथवा मुलीने घरचे पडदे शिवले तर त्यांची मजुरी बाजारभावाने लिहावी व तिच्या नावे जमा करावी. त्या रकमेचे ती काय करील, हा तिचा प्रश्न. 'वेळ जातो म्हणून शिवते' हे वाक्य आपल्या घरांतून कायमचे निघून जावे.

संघाच्या कापड व्यापारी बंधूंसही एक विनंती आहे. बिलावर दरासोबत पन्हा, कापडाची जात आणि ते धुतल्यावर आटणारे आहे की नाही, इतके तीन शब्द लिहावे. गिऱ्हाइकाने खिडकीचे माप आणल्यास वरीलप्रमाणे हिशेब करून जेवढे लागेल तेवढेच कापड द्यावे. सहा मीटरांच्या जागी नऊ विकून एक दिवसाचा नफा होतो खरा. परंतु उरलेले तीन मीटर त्या घराच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि कपाट उघडताच दरवेळी दुकानदाराचे नाव निघते.

माप पुरे असावे आणि मोल चुकते व्हावे, या दोनच गोष्टींवर आपल्या वाडवडिलांनी परमुलखात पेढ्या उभ्या केल्या. दुकानात जे पाळतो ते घराच्या खिडकीशीही पाळावे, एवढेच आमचे मागणे.