रॅमची परीक्षा नवतप्यात

नागपुरात रॅमची चाचणी जानेवारीत घेऊन भागत नाही. थंडीत पास झालेली रॅम नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, नापास होते, हे मी माझ्याच टेबलाखाली पाहिलंय.

लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग हे माझं काम, आणि आमचा सीझन ऐन उन्हाळ्यातला. मशीन सीताबर्डीच्या बाजारातून जुळवून घेतलेली: रायझन ५६००, बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ ३६०० च्या १६ जीबीच्या दोन स्टिक. दुकानातल्या पोराने बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, विंडोज उघडून दाखवलं. "झालं भाऊ, आता टेन्शन नका घेऊ." हिवाळाभर खरंच टेन्शन नव्हतं.

मे लागला तसं दुपारचं एक्सपोर्ट मध्येच अडकायला लागलं. कधी निळा स्क्रीन, त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट'. हे परवडलं, कारण निदान दिसत तरी होतं. खरा घात गुपचूप होत होता. हार्डडिस्कवर उतरवलेलं फुटेज, नाव बरोबर, साइज बरोबर, आणि पार्टीच्या घरी झिप उघडली की सीआरसी एरर. रॅममध्ये एक बिट उलटला की कॉपी होताना तीच चूक डिस्कवर पक्की लिहिली जाते, आणि विंडोज चकार शब्द काढत नाही. संशय आधी डिस्कवर गेला, मग सॉफ्टवेअरवर, मग एसएमपीएसवर. पण रात्री तेच काम बिनबोभाट व्हायचं. दुपारी बिघडतं आणि रात्री सुधारतं, यातच उत्तर होतं.

खोक्यावरचा ३६०० हा आकडा रॅम बनवणाऱ्याचा शब्द आहे, प्रोसेसरवाल्याचा नव्हे. डीडीआर४ चं प्रमाणित माप ३२०० ला संपतं, तेही १.२ व्होल्टवर. त्यापुढचा वेग १.३५ व्होल्ट देऊन काढतात, आणि ती सेटिंग स्टिकवरच लिहून ठेवलेली असते. इंटेलने २००७ पासून तिला एक्सएमपी म्हटलं, एएमडीने २०२२ मध्ये आपलं एक्स्पो आणलं. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि माझ्या रायझनची अधिकृत हद्द ३२०० च. वरचे ४०० पेलले तर नशीब. दोन्ही कंपन्या याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात.

त्यात आपलं ऊन. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार, तो सतत गळत असतो; म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरला जातो. उष्णता वाढली की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर हे भरणं दुप्पट वेगाने करा, असं प्रमाणच सांगतं. खोली चाळिशीला टेकलेली, ग्राफिक्स कार्ड गरम वाफ थेट स्टिकवर सोडतंय आणि कूलरची ओली धूळ फिल्टरवर थापली गेलीय, अशा वेळी आधीच काठावर चाललेल्या रॅमची काय बिशाद! ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, तेव्हा हवामान खात्याने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. रॅमचं रडगाणं त्यापुढे किरकोळच.

तुमच्याकडे असं होत असेल तर व्होल्टेजला हात लावण्याआधी एक्सएमपी बंद करा. रॅम २४०० किंवा २६६६ सारख्या मूळ वेगावर येईल. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस टाकून त्यावरूनच मशीन सुरू करा. कच्च्या रॅमवर विंडोज चालवत बसलात तर विंडोजच्याच फायली नासतात. मूळ वेगातही एक लाल ओळ आली तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा, आणि जी चुकते ती घेऊन दुकान गाठा. 'एकच एरर आहे, चालते' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. मूळ वेगात स्वच्छ आणि ३६०० वर चुकते, असं असेल तर स्टिक बहुधा धडधाकट असते, वेग झेपत नसतो.

मग स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का पाहा, बायोस अपडेट करा. बायोसचं काम यूपीएसवरच. वळवाच्या वाऱ्यात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. तरी जमलं नाही तर वेग उतरवा: ३५३३, ३४६६, ३४००. रायझनवर फॅब्रिक क्लॉक रॅमच्या वेगाच्या बरोबर निम्मा ठेवा, ३४०० ला १७००. व्होल्टेज थोडं चढवूनही काम होतं, पण त्याने उष्णता वाढते. नागपुरात मी वेग उतरवण्याच्याच बाजूचा आहे. माझी मशीन आता ३४०० वर आहे, आणि एक्सपोर्टच्या वेळेत मला काही फरक कळत नाही.

मेमटेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, त्यामुळे कॅबिनेट तापतच नाही. म्हणून शेवटची परीक्षा विंडोजमध्ये टेस्टमेम५ सारख्या प्रोग्रॅमने, सोबत एक मोठं रेंडर लावून, भर दुपारी घ्या. सीपीयू-झेडमध्ये १८०० दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. तो आकडा निम्माच दाखवतो.

नवी मशीन घेणाऱ्यांना दोनच गोष्टी. डीडीआर५ मध्ये 'ईसीसी असतेच' असं सांगतात, पण ती चिपच्या आतल्या चुका सावरते, चिप ते प्रोसेसर या वाटेत झालेल्या नाही. आणि पुढे आणखी दोन स्टिक टाकू हा बेत सोडा: रायझन ७००० ला एएमडी दोन स्टिकवर ५२०० मान्य करते, चारवर फक्त ३६००. हवी तेवढी रॅम एकाच पॅकमध्ये आजच घ्या, बिल जपून ठेवा.

आणि मशीन रुसलेली असताना जे फुटेज कॉपी केलं असेल, ते कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसण्याआधी एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा.