कोरम भरला, पण विचारलं कोणाला?

भाची: आत्या, तलासरीकडच्या बायका ग्रामसभेला येतच नाहीत म्हणे. कॉलेजात सर सांगत होते.

आत्या: येत नाहीत, की येता येत नाही? तारखा बघ ना: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. दिवाळी उरकली की डहाणू-तलासरीतली कितीतरी वारली कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे पहिल्या दोन सभा गेल्याच. ऑगस्टात बेणणी, ऑक्टोबरात हळवं भात कापायला आलेलं.

भाची: पण बायकांची वेगळी सभा असते ना?

आत्या: असते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची आणि तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे मांडायचं, असं कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी मात्र ती ग्रामसभेच्या अर्धा तास आधी, वहीवर सह्या-अंगठे घेण्यापुरती होते.

भाची: मग कोरमला काय अर्थ राहिला?

आत्या: कुठल्या कोरमला, ते आधी सांग. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. वनहक्क समितीतही तेवढ्याच. वनप्लॉटचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. आता डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची जनसुनावणी घे. पर्यावरण परवानगीची 2006 ची अधिसूचना म्हणते, सुनावणी सुरू करायला कोरमची गरज नाही.

भाची: म्हणजे चार गुंठ्यांच्या प्लॉटसाठी बायका मोजायच्या, आणि 76 हजार कोटींच्या वाढवण बंदरासाठी नाही?

आत्या: हो. मला हा योगायोग वाटत नाही. बंदराचा इतिहासच बघ. 1991 मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून डहाणूसाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष. त्या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवणला नकार दिला, आणि 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. मग 19 जानेवारी 2024 ला जनसुनावणी झाली, पालघरला. वाढवणच्या मासळीवालीने त्या दिवशी पाटी सोडायची, बोईसर गाठायचं, पुढे पालघर. दिवस बुडाला.

भाची: पण घरातला पुरुष बोलतोच की तिच्या वतीने.

आत्या: तो बोटीचं बोलेल. बोटीची नोंदणी असते, जाळ्याचं मोल लावता येतं. बोंबील वाळत घालणारीची मजुरी कुठल्या रकान्यात लिहायची? ती स्वतः बोलली तरच इतिवृत्तात येते. आणि इतिवृत्त शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. तोवर थांबून ते ऐकायला हवं. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटा, असंही त्याच अधिसूचनेत आहे.

भाची: दवंडी! अजून?

आत्या: हसू नकोस. पाड्यावरच्या बाईला इंग्रजी जाहिरातीपेक्षा दवंडीच कळेल. पाड्याचंच घे. डहाणू-तलासरी दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात, म्हणून आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू. राज्याचे नियम 2014 चे. त्यात एखादा पाडा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. पंचायतीच्या हॉलमध्ये सरपंच, ग्रामसेवक, खुर्च्या. पाड्यावर संध्याकाळी अंगणात बसलं की बाई वारलीत बोलते, आणि हापशाची जागा कुठे हवी ते तीच दाखवते. याच तलासरीतल्या झरी गावात 1945 ला वेठबिगारीविरुद्ध सभा भरली होती. गोदावरी परुळेकरांनी उभ्या केलेल्या त्या लढ्यात बायका होत्याच. तेव्हा त्यांना कोणी कोरम शिकवला नव्हता.

भाची: आणि भट्टीवर गेलेल्या?

आत्या: तिथे पेसाही अपुरा पडतो. पण पंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. महिला सभा त्याच पंधरवड्यात, पाड्यावर, कापणीवरून परतल्यावर घ्यायची. दिवाळीनंतर घेतली, तर आराखड्याच्या यादीत फक्त मागे राहिलेल्यांची कामं येतील. यंदा ग्रामसेवकाला तारीख विचारायला तूच जा माझ्याबरोबर.