पहिला आठवडा डोंगरात



हॉस्टेलला आलो त्या पहिल्या दिवशी आपल्याला काय काय मिळालं ते जरा आठवून बघा. मेसचं कार्ड, गादी, एक डगमगणारं टेबल, रॅगिंगविरोधी हमीपत्राची झेरॉक्स, आणि 'सातच्या आत गेटच्या आत' अशी सक्त ताकीद. बादली आणि कुलूप आपलं आपण आणायचं. बाकी माणसं कुठून आणायची ते मात्र कुणी सांगत नाही!

माझी पहिली रूममेट तिसऱ्याच आठवड्यात कॉलेज सोडून गेली. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, मराठी मीडियमची, सीईटीला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क. ती गेल्यावर विंगमध्ये चौकशी केली तर अर्ध्या जणींना तिचं नावसुद्धा सांगता येईना. 'ती कोपऱ्यातल्या खोलीतली बारीकशी मुलगी ना?' एवढंच. मी तरी कुठे वेगळी होते म्हणा. मी कॉन्व्हेंटची, तोंड उघडलं की इंग्लिश सुरू. ती माझ्यासमोर बोलायलाच बिचकायची, हे मला ती गेल्यावर कळलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. नवीन मुलांची एकमेकांशी ओळख होते तरी कशी? या विषयावर वाचताना एक शब्द वारंवार भेटला : आउटडोअर ओरिएंटेशन. म्हणजे लेक्चर सुरू होण्याआधी नव्या विद्यार्थ्यांना छोट्या छोट्या गटांत, सीनियर्सबरोबर, काही दिवस डोंगरात नाहीतर नदीवर घेऊन जायचं. सहल नव्हे बरं का! हा कॉलेजच्या ओळखीचाच एक भाग असतो. याचा थोडा अभ्यास केला, तो इथे मांडते.

या बाबतीत सगळ्यात जुनं नाव घेतलं जातं ते अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं. न्यू हॅम्पशायर राज्यातलं हॅनोव्हर हे छोटं गाव, तिथे १७६९ साली स्थापन झालेलं हे कॉलेज आहे. हिवाळ्यात तिथे प्रचंड बर्फ. करायला काही नाही म्हणून पोरं खोलीत कुढत बसायची. १९०९ साली फ्रेड हॅरिस नावाच्या एका विद्यार्थ्याने कॉलेजच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की आपण बर्फात बाहेर पडणाऱ्यांचा एक क्लब काढू या. एका पत्रातून 'डार्टमथ आउटिंग क्लब' उभा राहिला! (आपण नोटीस बोर्डावर पत्र लावलं तर त्यावर चष्मा आणि मिशा काढल्या जातात. असो.) याच क्लबने १९३५ पासून नव्या विद्यार्थ्यांना डोंगरात न्यायला सुरुवात केली. ती प्रथा पुढे दर वर्षीची झाली.

तिथला त्यांचा लाडका डोंगर म्हणजे मूसिलॉकी. उंची ४,८०२ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट आहे, म्हणजे उंचीच्या बाबतीत आपण त्यांना ऐकणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी ओंडक्यांची एक मोठी लॉज आहे, १९३० च्या दशकाच्या शेवटी बांधलेली आणि २०१७ मध्ये नव्याने उभारलेली. वेगवेगळ्या वाटांनी गेलेले गट शेवटी या लॉजवर जमायचे, अशी पद्धत वर्षानुवर्षं होती. तिथे सकाळी नाश्त्याला चक्क हिरवी अंडी! मुलांची पुस्तकं लिहिणारे डॉ. सूस हे १९२५ च्या बॅचचे डार्टमथचेच विद्यार्थी, त्यांच्या 'ग्रीन एग्ज अँड हॅम' या पुस्तकाची ती आठवण.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. नव्या मुलांच्या स्वागताला तिथे सीनियर्स केस रंगवून, विचित्र कपडे घालून, अंगणात नाचतात. म्हणजे पहिल्या दिवशी स्वतःचं हसं करून घ्यायचं काम सीनियरचं. आपल्याकडे ते काम कुणाला देत असत, हे या हॉस्टेलच्या जुन्या भिंतींना विचारा.

हा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली आला, यूजीसीचे नियम २००९ साली आले. ते हवेच होते, त्याबद्दल वादच नाही. पण कायद्याने सीनियरला 'काय करायचं नाही' हे सांगितलं. काय करायचं हे सांगणं कायद्याचं कामही नाही. परिणाम काय झाला? आमच्या विंगमध्ये तरी सीनियर ज्युनियरकडे बघतच नाहीत. 'उगाच लफडं नको' म्हणून दार लावून घेतात. माझ्या त्या रूममेटला कुणीही त्रास दिला नव्हता. कुणी काहीच दिलं नव्हतं.

आता डोंगरातच का? ऑडिटोरियममध्ये का नाही? याचं उत्तर शोधताना वेल्समध्ये जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या. लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाच्या असं लक्षात आलं की लाइफबोटीत तरुण, धडधाकट खलाशी आधी हाय खातात, आणि वयाने मोठे, अनुभवी खलाशी तग धरतात. म्हणजे कमी पडत होती ती ताकद नव्हे. मग त्याने कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाबरोबर १९४१ साली ॲबरडोव्ही इथे एक शाळा काढली, तीच 'आउटवर्ड बाउंड'. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजाला खलाशांच्या भाषेत हा शब्द आहे. थंडी, पाऊस, समुद्र, डोंगर, आणि सगळं गटाने. अमेरिकेतल्या पुढच्या बऱ्याच कार्यक्रमांवर याचा ठसा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने १९७४ साली 'आउटडोअर ॲक्शन' नावाने नव्या मुलांसाठी असंच काम सुरू केलं.

यातली खरी मेख आहे गटाच्या आकारात. आठ-दहा नवी मुलं आणि दोन सीनियर. दहा जणांत लपता येत नाही. स्टोव्ह एकच असतो, त्यामुळे कुणीतरी पाणी आणायलाच लागतं, कुणीतरी कांदा चिरायलाच लागतो. ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलं होतं की कुठलाही छोटा गट चार पायऱ्यांतून जातो : आधी सगळे गोड गोड वागतात, मग खटके उडतात, मग नियम ठरतात, आणि त्यानंतर खरं काम सुरू होतं. फायनल इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपला विचारा, दुसऱ्या पायरीवरच वर्ष संपतं! डोंगरात भूक आणि पाऊस असल्यामुळे या पायऱ्या भराभर चढल्या जातात.

दुसरा महत्त्वाचा नियम अमेरिकेतल्या 'प्रोजेक्ट ॲडव्हेंचर' या संस्थेने रूढ केला : आव्हान किती घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. कडा चढायचा नसेल तर नाही चढायचा, दोर धरायला थांब. त्याची टिंगल होणार नाही, ही जबाबदारी लीडरची. जबरदस्तीने उडी मारायला लावली तर ते रॅगिंगच झालं, फक्त झाडाखाली केलेलं.

आता आमची स्वतःची फजिती सांगते. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही मोठ्या उत्साहात फर्स्ट इयरच्या मुलींना सिंहगडावर नेलं. चव्वेचाळीस जणी, एकच रांग, लीडर कोण ते ठरलेलंच नव्हतं. 'सगळ्या मोठ्या आहेत, येतील बरोबर' असा कारभार. आतकरवाडीतून चढायला सुरुवात केली. दहा मिनिटांत रांगेची शेपटी दिसेनाशी झाली. आम्ही पुढे गाणी म्हणत, भेंड्या खेळत पुणे दरवाजापर्यंत पोचलो, तिथे ग्रुप फोटो काढला, आणि फोटो बघताना कुणीतरी मोजलं. त्रेचाळीस.

चव्वेचाळिसावी मुलगी अर्ध्या वाटेवर धाप लागून बसली होती. तिला दम्याचा त्रास होता, पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं. तिची सॅक 'दे गं मी घेते' म्हणून एका मैत्रिणीने घेतलेली, आणि पंप त्या सॅकमध्ये, म्हणजे गडावर! वाटेवरच्या एका ताकवाल्या मावशींनी तिला झोपडीत सावलीला बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आम्ही धावत खाली पोचेपर्यंत ती सावरली होती. मावशींनी आम्हाला जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. 'मोजता येत नाही का गं इंजिनेरनींना?' हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य.

मोजता आलं असतं हो. साधं गणित आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम सांगितला, तो आजही वापरतात : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सिंहगडाची पायवाट साधारण २.७ किलोमीटर, चढाई जवळपास ६०० मीटर. म्हणजे अंतराची ३२ मिनिटं अधिक चढाईचे ६० मिनिटं, एकूण दीड तास. हा नियम धडधाकट, सवयीच्या माणसासाठी आहे, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. रोज सकाळी गडावर जाणारे पुणेकर आजोबा याहून लवकर पोचतात, त्यांची गोष्ट सोडा. नवा गट, ओली वाट, मध्ये लिंबू सरबत, असं सगळं धरून दोन ते अडीच तास लागणारच. आम्ही सव्वा तासात 'उरकलं' याचा अभिमान बाळगत होतो. खरं तर तेवढ्या वेगाने आम्ही मागच्यांना सोडून चाललो होतो. गटाचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी, हे आपण मेकॅनिक्समध्ये शिकतोच ना?

आमचं निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही. ८ जून २०१४ ला हिमाचलमधल्या मंडी जिल्ह्यात, बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी फोटो काढायला उतरले होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच स्टडी टूरला निघालेले. अनोळखी नदीचं पात्र कोरडं दिसलं तरी वर धरण आहे का, पाणी कधी सोडतात, हे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. आणि पावसाळ्यात धबधब्याखाली उभं राहायचं नाही, मग रील कितीही चांगलं येणार असो.

आपल्याकडे अशा उपक्रमाला जागा आहे का? आहे की! एआयसीटीईने २०१७ पासून फर्स्ट इयरसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम सांगितला आहे. त्यात शारीरिक हालचाल आहे, कला आहे, आणि आसपासच्या परिसराला भेट हेसुद्धा आहे. प्रत्यक्षात काय होतं? ऑडिटोरियम, एसी, स्लाइड्स, आणि मागच्या तीन रांगा झोपलेल्या. सरांनी रागावू नये, पण माझ्या इंडक्शनमधलं मला एकच आठवतं, समोसा गार होता.

तर या वर्षी आम्ही काही जणींनी एक आराखडा करून रेक्टर मॅडमकडे दिला आहे. जागा सिंहगडच, कारण वाट मळलेली आहे, वर-खाली माणसं आहेत, आणि स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीएमएलची बस मिळते. आठ ज्युनियर आणि दोन सीनियर असे गट, दोन गटांत पंधरा मिनिटांचं अंतर. एक सीनियर सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. मागचीच्या मागे कुणी नसणार, हा नियम. पहिला, मधला, शेवटचा अशा प्रत्येक थांब्यावर मोजणी. औषध ज्याचं त्याच्या खिशात, सॅकमध्ये नाही. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक गटाने एकत्र बसून आपापला आजार, भीती, आणि काय खाता येत नाही ते सांगायचं, सुरुवात सीनियरने करायची. (मला उंचीची भीती वाटते. झालं, सांगून टाकलं.)

गट पाडताना एका खोलीतल्या मुली एका गटात नाहीत, एका मीडियमच्या एका गटात नाहीत. मोबाइल फक्त सीनियरकडे चालू, बाकीचे बंद. वर पोचल्यावर हॉटेलातलं जेवण नाही, प्रत्येकीने दोन भाकऱ्या किंवा चपात्या आणि एक काहीतरी घरचं न्यायचं, चटणी, ठेचा, लोणचं, जे असेल ते, आणि गटाने मध्ये ठेवून खायचं. प्लास्टिकचा कचरा परत खाली.

मॅडमनी आराखडा नीट वाचला. दोनच प्रश्न विचारले. पहिला, प्रथमोपचार कुणाला येतो? आम्ही एकमेकींकडे बघितलं. म्हणून पुढच्या दोन शनिवारी कॉलेजच्या दवाखान्यातल्या सिस्टर आम्हा लीडर मुलींना बँडेज, मुरगळलेला पाय, फिट आणि दमा, एवढं शिकवणार आहेत. मुलग्यांच्या हॉस्टेलमधूनही कुणाला यायचं असेल तर या, जागा आहे.

दुसरा प्रश्न, पाऊस वाढला तर? त्याचं उत्तर लेखी दिलंय : साडेअकराला जो गट जिथे असेल तिथून मागे वळेल, मग पुणे दरवाजा शंभर पावलांवर का असेना.

परवानगी अजून यायची आहे. लीडर म्हणून यायला तयार असणाऱ्या सेकंड आणि थर्ड इयरच्या मुलींनी मेसच्या बोर्डावरच्या कागदावर नाव, ब्रँच आणि खोली नंबर लिहावा. आतापर्यंत सात नावं आली आहेत, दहा हवीत. आणि कृपा करून त्या कागदावर मिशा काढू नका.