मंदिरातच हरवलेलं वचन

आजचं वाचन: २ राजे अध्याय २२ आणि २३:१-२५



‘संजीवन’ हा शब्द हल्ली आपल्या कानावर सारखा पडतो. संजीवन सभा, संजीवन रात्र, संजीवन शिबिर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ॲस्बरी विद्यापीठात, नेहमीची सकाळची उपासना संपल्यावर काही विद्यार्थी उठलेच नाहीत. ती प्रार्थना जवळजवळ दोन आठवडे चालली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिचे व्हिडिओ लोकलमध्ये उभ्या उभ्या पाहिले असतील आणि मनात म्हटलं असेल, “प्रभू, आमच्या मंडळीत असं कधी होणार?”

प्रार्थना चांगलीच आहे. पण तिच्याआधी एक प्रश्न येतो. संजीवन येतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि सभा संपल्यावर त्यातलं काय उरतं? आज योशीया राजाकडून हे शिकू या.

आधी हिशेब, मग वचन

योशीया आठव्या वर्षी राजा झाला. आजचा प्रसंग त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षातला, म्हणजे तो तेव्हा साधारण २६ वर्षांचा होता. तुमच्या-माझ्यासारखाच तरुण! मंदिराची दुरुस्ती चालू होती. सुतार, गवंडी, लाकूड, चिरे, सगळं जोरात. कामगार इतके प्रामाणिक की त्यांच्याकडून पैशांचा हिशेबही मागत नसत (२२:७).

अशा वेळी प्रमुख याजक हिल्कीया याला मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. जरा थांबून विचार करा. ग्रंथ शत्रूच्या छावणीत किंवा बाजारात हरवला नव्हता. तो देवाच्या मंदिरातच हरवला होता, आणि कुणाला त्याची उणीवही भासत नव्हती!

पुढे आणखी गंमत आहे. चिटणीस शाफान राजाकडे येतो आणि आधी पैशांचा अहवाल देतो. तो संपल्यावर सांगतो की याजकाने मला एक ग्रंथ दिला आहे (२२:९-१०). आधी हिशेब, मग वचन. आपल्या मंडळीचंही कधीकधी असंच होतं ना? साऊंड सिस्टीम ठरली, बॅनर छापला, जेवणाचा आकडा पक्का झाला, गायनवृंदाचा सराव झाला. काम वाईट नाही, माणसं प्रामाणिक आहेत. पण वचन? ते फोनमध्ये आहे. ॲप आहे, रोजचं नोटिफिकेशनही येतं. आपण ते बोटाने बाजूला सारतो. वचन अगदी खिशातच आहे आणि तिथेच हरवलं आहे.

ऐकलं आणि वस्त्रं फाडली

शाफानने वाचून दाखवलं आणि राजाने आपली वस्त्रं फाडली. संजीवनाची सुरुवात इथे झाली. मोठा जमाव नव्हता, वाद्यं नव्हती. एक जण वाचतोय, एक जण ऐकतोय, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हे माझ्याबद्दल आहे. योशीयाने दोष बापजाद्यांवर ढकलून हात झटकले नाहीत. “माझ्यासाठी आणि लोकांसाठी परमेश्वराला विचारा,” अशा अर्थाचा निरोप त्याने दिला.

हुल्दा संदेष्ट्रीचं उत्तर कडक होतं. यरुशलेमेवर संकट येणारच, पण राजाचं मन कोमल झालं म्हणून ते त्याच्या हयातीत येणार नाही. एखादा म्हणाला असता, “चला, मी तर सुटलो!” योशीयाने उलट केलं. सगळ्या लोकांना गोळा केलं, ग्रंथ वाचून दाखवला, करार केला आणि मंदिर साफ करायला घेतलं. बआल आणि अशेरा यांच्यासाठी केलेली पात्रं कुठे होती पाहा: परमेश्वराच्या मंदिरातच (२३:४)! जिथून वचन हरवतं तिथली जागा रिकामी राहत नाही, दुसरं काहीतरी येऊन बसतं.

वेल्स आणि केडगाव

१९०४ साली वेल्समध्ये जी मोठी जागृती झाली, तिच्यात पुढे असलेला इव्हान रॉबर्ट्सही २६ वर्षांचाच होता. आधी तो कोळशाच्या खाणीत काम करायचा. त्याचं सांगणं साधं होतं: माहीत असलेलं पाप कबूल करा, संशयास्पद सवयी सोडा, पवित्र आत्म्याचं लगेच ऐका, ख्रिस्ताला उघडपणे स्वीकारा.

ती बातमी आपल्या महाराष्ट्रातही पोचली. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहत होत्या. जानेवारी १९०५ मध्ये तिथे सुमारे ७० जणी संजीवनासाठी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. जूनच्या शेवटी पवित्र आत्म्याने मोठं काम केलं. मुली रडत पापं कबूल करू लागल्या, आणि पुढे त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या.

त्यानंतर रमाबाईंनी काय केलं? ते संजीवन पुन्हा पुन्हा सांगत त्या बसून राहिल्या नाहीत. आयुष्याची पुढची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं भाषांतर करण्यात घालवली. साध्या बाईलाही समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं. अग्नी आला तो त्यांना वचनाकडे घेऊन गेला.

एक सावधगिरीचा शब्द

योशीयाची गोष्ट इथे संपत नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केलं, आणि काही दशकांतच यरुशलेम पडलं. असं का झालं? यिर्मया त्याच काळातला संदेष्टा. योशीयाच्याच दिवसांत देवाने त्याला सांगितलं की यहूदा माझ्याकडे मनापासून वळली नाही, वळल्याचं फक्त ढोंग केलं (यिर्मया ३:६-१०).

राजाचं मन फाटलं होतं. लोकांच्या फक्त मूर्ती फुटल्या होत्या. दुसऱ्याच्या पश्चात्तापावर आपलं संजीवन होत नाही, मग तो दुसरा राजा असो, पाळक असो की व्हिडिओतला विद्यार्थी.

हे मी स्वतःला आधी सांगतोय. एका युवाशिबिरात शनिवारी रात्री मी खूप रडलो होतो, हात वर केले होते, पुढेही गेलो होतो. पण सख्ख्या भावाशी माझा सहा महिने अबोला होता, आणि सोमवारीही तो तसाच राहिला. पुढे एके सकाळी मत्तय ५:२३-२४ वाचत होतो. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभू सांगतो. तेव्हा कुठे फोन लावला. “दादा, चूक माझी होती,” एवढं म्हणायला मला शिबिरातल्या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त बळ लागलं. आज मागे पाहताना वाटतं, माझं संजीवन त्या फोनवर सुरू झालं.

या आठवड्यात

१. रोज सकाळी इतर काही उघडण्याआधी एक अध्याय मोठ्याने वाचा. योशीयाने वचन ऐकलं होतं, तुमच्याही कानांना ऐकू द्या.

२. वाचताना ‘हे अमक्याला लागू पडतं’ असं मनात आलं, की नाव बदलून तिथे स्वतःचं घाला.

३. मंदिरातली एक वस्तू बाहेर काढा. लपवलेली सवय, न फेडलेली उसनवारी, न मागितलेली क्षमा. एकच, पण आजच.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझं वचन माझ्याजवळ असूनही मी ते हरवलं, मला क्षमा कर. दुसऱ्यांचं संजीवन पाहण्यात मी समाधान मानलं. माझं मन कोमल कर. जे तू दाखवशील ते काढून टाकायला मला बळ दे. आमच्या मंडळीला जिवंत कर, आणि सुरुवात माझ्यापासून कर. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.