वाफसा आल्याशिवाय खुरपं धरू नकोस

नवरात्र सरत आलं की तुझे हात शिवशिवायला लागतील, हे मला इथे बसूनही कळतं. ऊन पडलं, आभाळ निवळलं, आता खणून टाकू, पेरून टाकू. जरा दम धर, बाळा. हस्त नक्षत्र 27 सप्टेंबरच्या सुमाराला लागतं ते 10 ऑक्टोबरपर्यंत असतं, आणि त्याचा पाऊस भारी लहरी. चार दिवस कडक ऊन देऊन पाचव्या दिवशी दुपारी गडगडाट करून कोसळतो. कोवळी मेथी आडवी झालेली बघायची नसेल तर तो जाऊ दे.

शिवाय आपल्या परसातली माती काळी आणि चिकण. ओल असताना कुदळ घातलीस तर ढेकळं निघतील, ऑक्टोबरच्या उन्हात ती विटेसारखी भाजतील आणि मग हिवाळाभर फोडत बसशील. म्हणून वाफसा बघायचा. माझ्या सासूबाईंची रीत सांगते. वीतभर खालची मूठभर माती काढ, दाबून तिचा गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून सोड. गोळा फुटून पसरला तर वाफसा आला. थपकन तसाच बसला तर आणखी दोन-तीन दिवस थांब. आणि गोळा वळतच नसेल तर तुला उशीर झालाय; हलकं पाणी दे आणि पुन्हा वाट बघ. बागेची निम्मी कामं या एका गोळ्यावर ठरतात. पंचांग, पाकिटावरची तारीख, शेजारीण काय म्हणते, हे सगळं त्याच्यानंतर.

तोवर तण काढ. पावसाळी तण याच दिवसांत फुलावर येतं, आणि एकदा बी झडलं की पुढच्या वर्षीची बेगमी झालीच म्हणून समज. गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, तेही हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते. लव्हाळा मात्र नुसता ओढू नकोस. पात तेवढी हातात येते, खालच्या गाठी तशाच राहतात आणि आठवड्याभरात दुप्पट जोमाने वर येतात. खुरपं खोल घालून गाठीसकट काढ, फरशीवर उन्हात कडकडीत वाळव. खताच्या खड्ड्यात तर मुळीच टाकू नकोस.

दोडका, पडवळ, काकडीचे वेल आता थकलेले असतील. मांडव मोकळा करायच्या आधी एखादा जून दोडका वेलावरच वाळू दे, पुढच्या वर्षीचं बी होईल. पण बी पाकिटातलं आणि संकरित असेल तर हा खटाटोप नको. त्याचं पुढचं पीक आईसारखं उतरत नाही. गावरान असेल तरच ठेव, वाळवून राखेत घोळव आणि डब्यात घाल.

शेणखताबद्दल मी हट्टी आहे. गोठ्यातून काल निघालेलं शेण वाफ्यात घालायचं नाही, फुकट मिळालं तरी नाही. कच्च्या शेणाला हुमणी येते, ती पांढरी, गलेलठ्ठ, वाकडी अळी, आणि मग मुळं कुरतडलेलं रोप मान टाकतं तेव्हा तू पाण्याला दोष देत बसतेस. मुरलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही. नाकाने ओळखायचं.

आता पेरणी. दसऱ्याच्या सुमाराला दुपारचा पारा 32-33 अंशांवर असतो. अशा उष्म्यात पालक, वाटाणा, कोथिंबीर नीट उगवत नाहीत, उगवली तरी लवकर फुलावर जातात. ती दिवाळीच्या तोंडाला, पहाट गार लागायला लागली की पेर. फारच राहवत नसेल तर मुळा लाव. पुसा चेतकी नावाचं वाण उन्हाला दबत नाही आणि 40-45 दिवसांत काढायला येतं. टोमॅटो, वांग्याचं बी मात्र आत्ताच टाक. गादीवाफा वीतभर उंच कर म्हणजे अवकाळी सर आली तरी रोपं बुडत नाहीत. धने पेरण्याआधी फरशीवर घालून हलके रगड, प्रत्येकाच्या दोन फाका व्हायला हव्यात. लसणाच्या बाहेरच्या, ठसठशीत पाकळ्या निवड आणि टोक वर करून खोच.

वाफे कुठे करायचे हेही नव्याने बघ. सूर्य दक्षिणेला सरकलाय. मे महिन्यात घराच्या उत्तरेच्या भिंतीशी ऊन यायचं, तिथे आता फेब्रुवारीपर्यंत सावलीच. टोमॅटो तिथे लावलेस तर नुसती उंची वाढेल.

पाण्याची एक गोष्ट. पावसाळ्यात मुळं वरवरच राहिलेली असतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या दुपारी झाडं माना टाकतात. धावत बादली घेऊन जाऊ नकोस. संध्याकाळी ती आपोआप सावरतात. सकाळी उठूनही मान खालीच असेल तर पाणी हवं, आणि तेव्हा शिंपडून नव्हे, मुळापर्यंत भरपूर. वर दोन-तीन इंच पालापाचोळा पसर, खोडापासून चार बोटं लांब. कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून उपड्या घाल, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

मावा दिसला तर 50 ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळ, चिमूटभर साबण घाल आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवार. वरून फवारणारे सगळे फुकट मेहनत करतात.

गुलाब ऑक्टोबरच्या मध्याला छाट. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप, धारदार कात्रीने. भाजीची सुरी नको. सहा-सात आठवड्यांत कळ्या धरतील. मोगऱ्याला आत्ता हात लावू नकोस, त्याची छाटणी थंडीत. आणि गुलाबाच्या काटक्या खतात टाकू नकोस. पाला कुजतो, काटे तसेच राहतात आणि पुढच्या वर्षी बोटात शिरतात.